आधी वस्तू, मग प्रतीक

मित्रहो, वाचनाविषयी बोलताना प्रतीक, आदिबंध (कथांतून पुन्हा पुन्हा येणारी मूळ आकृती) आणि पात्रप्रकार (ठरीव साच्यातले पात्र) ही तीन नावे आपण बरेचदा एका दमात घेतो. तिन्हींची कामे वेगळी आहेत आणि त्यांना ओळखण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत. तिन्हींच्या बाबतीत एक पथ्य मात्र मला फार महत्त्वाचे वाटते. कवितेतली वस्तू आणि कथेतले माणूस आधी त्यांच्या स्वतःच्या रूपात नीट पाहावे. त्यांचा अर्थ काय, हे त्यानंतर विचारावे. या अभ्यासासाठी आपल्याला खानदेशाबाहेर फारसे जावे लागत नाही. असोद्याच्या बहिणाबाई, धरणगावचे बालकवी, अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी आणि सांगवीचे भालचंद्र नेमाडे एवढे चौघे आज पुरेसे आहेत.

बहिणाबाईंपासून सुरुवात करू. 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' ही ओळ आपल्या सर्वांना पाठ आहे. पाठ असल्यामुळेच कदाचित ढोराकडे आपले नीट लक्ष जात नाही. उभ्या पिकातून ज्याने ढोर हाकलले आहे त्याला ठाऊक असते, की त्याला एकदा हिरव्याची चटक लागली म्हणजे बांधापर्यंत हाकलूनही उपयोग होत नाही; आपली पाठ वळताच ते पुन्हा आत शिरते, आणि जेवढे खाते त्याहून अधिक तुडवते. मनाच्या ओढीबरोबर मनाने होणारी नासाडीही त्या ओळीत आहे, आणि ती शेत पाहिल्याशिवाय हाती लागत नाही. तरीही हे प्रतीक नव्हे, हे रूपक आहे. मन हा शब्द कवयित्रीने स्वतः उच्चारला आहे, त्यामुळे दोन्ही बाजू आपल्यासमोर आहेत. प्रतीकात एकच बाजू कागदावर असते आणि दुसरी वाचकाला त्या कवितेच्या आधाराने शोधावी लागते.

त्याचे मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे बालकवींची 'औदुंबर'. ही अवघ्या आठ ओळींची कविता असून तिच्या अर्थावर मराठी समीक्षकांनी पुष्कळ वाद घातला आहे. औदुंबर म्हटले की आपल्या मनात दत्ताचे स्थान उभे राहते, आणि अनेक वाचक तेथूनच कवितेत शिरतात. मी सुचवीन की शेवटच्या ओळीतल्या झाडापाशी जाण्याआधी पहिल्या सात ओळी पायी चालून याव्यात. निळासावळा झरा बेटाबेटांतून वाहतो आहे, त्याच्या दोन्ही तटांवर हिरवाळी आहे. पलीकडे टेकडीकडे चार घरांचे चिमुकले गाव आहे आणि पुढे शेतमळ्यांची दाट हिरवी गर्दी आहे. त्या गर्दीतून एक पांढरी पायवाट आडवीतिडवी जाते. ती गावाकडे जात असावी असे वाटत असतानाच कवी सांगतो, की ती काळ्या डोहाकडे चालली आहे. निळा, हिरवा, पांढरा आणि काळा असा रंगांचा हा क्रम आहे. वस्ती मागे पडते, वाट एकटी होते, आणि वाहते पाणी जाऊन साचलेले, खोल पाणी येते. तेथे जळ झाकोळून टाकणारा काळिमा लाटांवर पसरतो, आणि कवी त्याला 'गोड' म्हणतो. मग 'पाय टाकुनी जळांत बसला' अशा माणसासारख्या बैठकीत तो औदुंबर दिसतो.

आता अर्थ विचारावा. कोणी म्हणेल ही विरक्ती, कोणी म्हणेल हे मरण, कोणी म्हणेल हे कवीचे स्वतःचे औदासीन्य. यांपैकी प्रत्येक उत्तराला मी एकच प्रश्न विचारीन: त्या 'गोड' शब्दाचे तुम्ही काय केलेत? मरण म्हणणाऱ्याला ते मरण भीतिदायक का नाही हे सांगावे लागेल. विरक्ती म्हणणाऱ्याला त्या विरक्तीत गोडी कोठून आली हे दाखवावे लागेल. बालकवी १९१८ साली भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. त्या घटनेवरून मागे येऊन या डोहात मृत्यूची चाहूल वाचण्याचा मोह होतो, तो आवरावा. कवितेबाहेरची हकीकत कवितेतला शब्द उलगडत नाही.

वस्तू वस्तू राहून अर्थ धारण करते, हे समजायला खानदेशी माणसाला खरे तर अडचण पडू नये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. नारळाला सजवून देवी मांडतात, रात्रभर गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. त्या रात्री त्या नारळासमोर बसलेल्या बाईला तो नारळ दिसत असतो आणि कानबाईही दिसत असते. एकीसाठी दुसऱ्याला पुसावे लागत नाही.

आदिबंधाकडे वळताना आपण एका कलाकृतीतून अनेक कलाकृतींत जातो. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग याने सामूहिक नेणिवेची, म्हणजे सर्व माणसांत समान असलेल्या अजाण मनाची, कल्पना मांडली आणि माता, वीर, ज्ञानी वृद्ध अशा मूळ आकृती मानवी कथांत पुन्हा पुन्हा येतात असे सांगितले. पुढे १९५७ साली नॉर्थ्रॉप फ्राय या कॅनडाच्या समीक्षकाने अशा पुनरावृत्तींवर साहित्याची एक मोठी मांडणी उभारली. हे विचार उपयोगी आहेत, पण त्यांच्या नादात प्रत्येक आई ही 'महामाता' होऊन बसते. 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. कथा कोकणातली असूनही महाराष्ट्राच्या प्रत्येक भागाने ती आई आपली मानली, यात आदिबंधाचे बळ निश्चित आहे. परंतु श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून ओले लुगडे पसरणारी, पोहायला भिऊन लपलेल्या त्याच मुलाला शिमटीने मारणारी आणि सावकाराच्या वसुलीला आलेल्या माणसावर संतापून उठणारी बाई ही कर्जाने गांजलेल्या एका विशिष्ट घरातली आहे. आदिबंध आपल्याला तिच्या दारापर्यंत नेतो. घरात शिरायचे तर हे तपशील लागतात.

पात्रप्रकारांची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे नायकांचे चार प्रकार संस्कृत नाट्यशास्त्राने मानले, विदूषकाची जागा ठरवली. लोककथेतली नावडती राणी आणि धाकटा भाऊ हेही असेच ठरीव असतात, आणि त्यांनी ठरीवच असावे, कारण ऐकणाऱ्याला ते येताक्षणी ओळखू यावे लागतात. कादंबरीत प्रकार ओळखल्यावर पुढचे काम सुरू होते.

नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ साली आली. सांगवीचा पांडुरंग शिकायला पुण्याला जातो आणि गावी परत येतो. खेड्यातून शहरात गेलेला मुलगा हा प्रकार, आणि बाहेर जाऊन परतणे हा आदिबंध. या आदिबंधात परतणारा वीर काहीतरी घेऊन येतो: विद्या, धन, निदान शहाणपण. पांडुरंग रित्या हाताने परततो, आणि बापाशी असलेला त्याचा ताणही सुटत नाही. म्हणून त्याला 'बंडखोर तरुण' हे दुसरे लेबल लावून मोकळे होण्याची सोय पुष्कळांनी केली आहे. त्यांनी धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूची पाने पुन्हा वाचावीत. जगातल्या प्रत्येक गोष्टीला उडवून लावणारा हा मुलगा तेथे काहीच उडवून लावू शकत नाही. बंडखोराला शोभेल असे एकही वाक्य त्याला त्या दुःखात सापडत नाही, आणि त्या पानांनंतर त्याची आधीची सगळी थट्टा आपल्याला वेगळी ऐकू येऊ लागते.