अंगाला येतं, चेहऱ्याला कळत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आधी एक छोटी गोष्ट करून बघा. उजवा हात झटकन वर न्या, आणि तो हात आपला नाहीच, असं समजून त्याच्याकडे दचकून बघा. जमलं? बहुतेकांचं दचकणं हात हलायच्या आधीच सुरू होतं. कारण हात हलणार हे आपल्याला माहीत असतं आणि चेहरा ते लपवू शकत नाही. साधा माणूस अपघाताने गुप्तहेर होतो, अशा मारधाडीच्या विनोदी चित्रपटात नटाला नेमकं हेच लपवावं लागतं.

2002 सालच्या 'द टक्सीडो'मध्ये जॅकी चॅन जिमी टाँग नावाचा टॅक्सीवाला झाला आहे. तो एका श्रीमंत माणसाचा ड्रायव्हर होतो. मालक खरा गुप्तहेर निघतो, बॉम्बस्फोटात जखमी होऊन बेशुद्ध पडतो आणि त्याचा काळा सूट जिमीच्या अंगावर येतो. या सुटात अशी यंत्रणा आहे, की तो घालणाऱ्याला मारामारी, नाच, उड्या, सगळं आपोआप जमतं. पाय लाथ मारतात आणि जिमी घाबरून त्या पायांकडेच बघत राहतो. गायक जेम्स ब्राउन त्याच्या हातून चुकून बेशुद्ध होतो, तेव्हा त्याच्या जागी जिमीला रंगमंचावर जावं लागतं. अंग थिरकतंय आणि डोळे मात्र सुटकेची वाट शोधताहेत! खलनायक बाटलीबंद पाण्याचा व्यापारी आहे आणि जगाचं पिण्याचं पाणी त्याला नासवायचं आहे. ते कथानक मला फारसं धरून ठेवत नाही. मी बघत राहतो तो चेहरा.

त्या चेहऱ्यामागे केवढी मेहनत आहे! जॅकी चॅनचा जन्म 1954चा, हाँगकाँगचा. लहानपणीच त्याला यू जिम-युएन या गुरूंच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत ठेवलं आणि तिथे तो सुमारे दहा वर्षं होता. गाणं, अभिनय, कोलांट्या, शस्त्रं, सगळं एकाच अंगात मुरवायचं, अशी ती परंपरा. चुकलं की छडी. सामो हंग आणि युएन बियाओ हे त्याचे तिथले सोबती. पडद्यावर ज्याला काहीच येत नाही, त्याच्या अंगात असं सगळं येणारं शरीर आहे. न येण्याचं सोंग इतकं नेमकं वठवायला आधी सगळं यावं लागतं, असं मला मनापासून वाटतं.

तरीही 'द टक्सीडो'बद्दल माझी एक तक्रार आहे. सूट सगळं करतो, म्हटल्यावर जिमीला लागण्याची भीती उरत नाही. आणि भीती गेली, की हसू पातळ होतं. आदल्या वर्षी, म्हणजे 2001मध्ये आलेला 'द ॲक्सिडेंटल स्पाय' बघा. त्यात तो व्यायामाची उपकरणं विकणारा विक्रेता आहे. इस्तंबूलच्या बाजारात अंगावर कपडा नसताना गुंड त्याच्या मागे लागतात. हाताला लागेल त्या वस्तूने लाज झाकायची आणि त्याच हाताने मारही चुकवायचा. एक हात अडकलेला, दुसऱ्या हाताने लढायचं! कुठला जादूचा सूट नाही, नुसती त्रेधातिरपीट. तिथे मी पोट धरून हसतो आणि जीवही मुठीत धरतो.

हे हसू फार जुनं आहे. 1923च्या मूकपटात हॅरॉल्ड लॉइड दुकानातला साधा विक्रेता असतो आणि त्याला इमारतीच्या भिंतीवरून वर चढावं लागतं. घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा चष्मेवाला, तोच तो. त्याच्या चार वर्षं आधी खोटा समजलेला बॉम्ब हातात फुटून लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. त्या हाताने तो लोंबकळला! पुढे 1983च्या 'प्रोजेक्ट ए'मध्ये जॅकी चॅनही घड्याळाच्या काट्याला लटकला, आणि कापडी छपरं फाडत थेट जमिनीवर आदळला.

आता थोडं कॅमेऱ्याविषयी, कारण मजा तिथेच टिकते किंवा मरते. मारामारीचे बारीक बारीक तुकडे करून जोडले, तर कोण कोणाला मारतंय ते कळत नाही. जॅकी चॅनच्या हाँगकाँगमधल्या कामात कॅमेरा लांब उभा असतो. सबंध माणूस दिसतो, शेजारची शिडी आणि खुर्चीही दिसते. तो ठोसा मारतो आणि लगेच स्वतःचाच हात झटकतो, कारण त्यालाही लागलेलं असतं. पुढच्या वेळी पाहाल, तेव्हा हा हात झटकण्याचा क्षण शोधा. चपळाईने मारणारे पुष्कळ आहेत, पण ठोसा मारल्यावर असं कळवळणारा पाहिला, की तो मला आपल्यातला वाटतो.

आणि चित्रपट संपला म्हणून लगेच उठू नका. श्रेयनामावलीसोबत तो फसलेले प्रसंग दाखवतो. 1986च्या 'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात तो झाडावरून पडला, कवटीला तडा गेला आणि मेंदूची शस्त्रक्रिया करावी लागली. एरवी त्या शेवटच्या तुकड्यांत पाय सटकतात, उडी हुकते, कुणीतरी धावत येतं. तो उठतो, अंग चाचपतो, हसतो आणि पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहतो.