कोनशिलेनंतरचा खर्च

(शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांपुढं दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

रोबोटिक्सचा विषय निघाला की आपण आर्डुइनोचा सर्किट बोर्ड, सेन्सर, हव्या त्या कोनात फिरणारी सर्व्हो मोटर यांवर बोलतो. आज मला पैशावर बोलायचंय. आणि मराठवाड्यात शाळेच्या पैशाचं बोलायचं म्हणजे राजकारण आलंच.

आपली एक गोष्ट पुण्या-साताऱ्याकडच्या माणसाला पटकन कळत नाही. तिकडं हायस्कूल बहुतेक एखाद्या शिक्षणसंस्थेचं असतं. आपल्याकडं निजामाच्या काळातली सरकारी हायस्कुलं पुढं जिल्हा परिषदेकडं आली, म्हणून मोठ्या गावात 'जिल्हा परिषद प्रशाला' दिसते. म्हणजे आपल्या पोरांची प्रयोगशाळा निवडून आलेल्या माणसांच्या हातात. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि मग काही वर्षं ती माणसंही नव्हती, प्रशासक होते. गाऱ्हाणं न्यायचं कुणाकडं?

आता पैसा येतो कुठून ते बघा. खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, पण तो टिकाऊ मालमत्तेसाठी. खोली बांधा, संगणक घ्या, चालतं. बॅटऱ्या, मोटर चालवणारी जळालेली सर्किटं, शिकवणाऱ्या तरुणाचं मानधन यांना त्यात जागा नाही. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. अध्यक्ष पालकमंत्री, आणि नावीन्यपूर्ण योजनांसाठी खर्चाचं एक वेगळं शीर्ष तिथं असतं. त्यातून रोबोटिक्स लॅब मिळू शकते. पण प्रशासकीय मान्यता, निविदा, मध्येच एखादी आचारसंहिता असं करत किट शाळेत पोचतं ते मार्चअखेरीला, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर. पुढाऱ्यांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे हो. नियमच असे आहेत की कोनशिला बसते आणि बॅटरीचा सेल संपतो.

याला थोडा अपवाद अटल टिंकरिंग लॅबचा, म्हणजे पोरांनी स्वतः वस्तू जोडून-बनवून शिकायच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासूनची. शाळेला २० लाख: १० लाख उपकरणांना, १० लाख पुढची पाच वर्षं चालवायला. चालू खर्चाचा विचार कुणीतरी केला, हे मला फार मोलाचं वाटतं. पण अर्जाच्या वेळी जागा, वीज, इंटरनेट, विज्ञानशिक्षक हे सगळं दाखवावं लागायचं. ज्या प्रशालेचं छत गळतंय तिनं काय दाखवायचं? तालुक्याची सुस्थितीतली शाळा पुढं जाते, वाडीवरची मागं राहते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब करायचं जाहीर झालं. 'सरकारी शाळांत' हे दोन शब्द आपल्या कामाचे आहेत, धरून ठेवा.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांत रोबोटचे हात वेल्डिंग करतात आणि तिथून तासाभरावरच्या पोरीनं सर्व्हो मोटर हातात घेतलेली नसते. ही दरी सीएसआरनं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीनं, बुजेल असं म्हणणारे भेटतात. मला नाही वाटत. कंपनीचा पैसा बहुतेक कारखान्याच्या आसपास रेंगाळतो. हिंगोलीत, परभणीत कारखाने किती?

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव करताना नुसती 'लॅब मिळावी' अशी मागणी करू नका. पाच वर्षांचा दुरुस्तीखर्च आणि एका प्रशिक्षकाचं मानधन जिल्हा परिषदेनं सेस फंडातून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून, द्यावं, असं आकड्यासकट लिहा. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला, एक जिल्हा परिषदेच्या सीईओ साहेबांना. आणि तिसरी, मतं मागायला जो कुणी दारात येईल त्याच्या हातात.