सहा ओळी छापल्या, फाइलीत आठ

पडद्यावर सी भाषेतला एवढासा प्रोग्राम आहे. दोन फेऱ्यांचा लूप. प्रत्येक फेरीत आधी फोर्क (चालू प्रोसेसची नक्कल करून नवी प्रोसेस, म्हणजे चाइल्ड, बनवणारा कॉल), मग प्रिंटएफने एक आडवी रेघ आणि न्यूलाइन. पहिल्या फेरीत दोन प्रोसेस छापतात, दुसरीत चार. टर्मिनलवर मोजा: सहा ओळी. आता आउटपुट फाइलीकडे वळवू. आठ!

लूप कितीही तपासा, त्यात चूक नाही. प्रिंटएफ मजकूर थेट कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, देत नाही. सीची लायब्ररी तो बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठवते आणि सवडीने राइट हा सिस्टिम कॉल (कर्नलकडे केलेली मागणी) करते. समोर टर्मिनल असेल तर न्यूलाइन येताच बफर रिकामा होतो. फाइल किंवा पाइप (दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारी वाट) असेल तर तो भरेपर्यंत, लिनक्सवर बहुधा ४०९६ बाइटपर्यंत, मजकूर तिथेच पडून राहतो.

हा बफर प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत असतो, आणि फोर्क त्या मेमरीची नक्कल चाइल्डला देतो. म्हणजे पहिल्या फेरीतली, अजून न लिहिलेली ओळही दुसऱ्या फोर्कबरोबर चाइल्डकडे जाते. शेवटी प्रोसेस चार, प्रत्येकीच्या बफरमध्ये दोन ओळी, आणि संपताना प्रत्येक जण आपला बफर ओततो. चार दुणे आठ.

एसटीडीएररला, म्हणजे चुकांचे संदेश जिथे जातात त्या आउटपुटला, मुळात बफरच नसतो. त्यामुळे डीबगचा संदेश एकदाच दिसतो, खरं आउटपुट मात्र दोनदा, आणि शोध भलतीकडेच भरकटतो.

खात्रीचा उपाय: प्रत्येक फोर्कच्या आधी एफफ्लश, म्हणजे बफर रिकामा करणारं फंक्शन. त्याला स्ट्रीमऐवजी नल (रिकामा पॉइंटर) दिला की सगळे आउटपुट स्ट्रीम रिकामे होतात. चाइल्डमध्ये एक्झिटऐवजी अंडरस्कोर एक्झिट (प्रोसेस तडक संपवणारा कॉल) वापरला तर बफर ओतला जात नाही, पण चाइल्डने स्वतः छापलेलंही त्यासोबत बुडतं. फोर्कनंतर चाइल्डमध्ये एफफ्लश करणं तर उलटंच: वारशात आलेली नक्कल तिथेच बाहेर पडते.

एक्झेकमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसमध्ये दुसराच प्रोग्राम चढवणाऱ्या कॉलमध्ये, नेमका उलटा घोटाळा. न्यूलाइनशिवाय काही छापून लगेच एक्झेक केलं, तर जुनी मेमरीच जाते. मजकूर दोनदा नाही, एकदाही दिसत नाही.

आता एसट्रेस या सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाला उणे एफ (चाइल्डचेही कॉल दाखव) देऊन राइट कॉल पाहू. फाइलीकडे वळवलेला मूळ प्रोग्राम: चार राइट, प्रत्येकी ४ बाइट. फोर्कआधी एफफ्लश घातल्यावर: सहा राइट, प्रत्येकी २ बाइट.