बुरशी नव्हे, ग्रंथी

[दृश्य: सिंहगड रोडवरच्या फ्लॅटचा हॉल. टीव्हीशेजारी पिंजरा, चाक फिरतंय.]

हा नर सोनेरी हॅमस्टर. घराघरांत पाळले जाणारे याचे बहुतेक भाऊबंद १९३० साली सीरियात, अलेप्पोजवळ सापडलेल्या एकाच वेताचे वंशज.

[जवळून: कुशीवरचे केस बाजूला सारणारी बोटं.]

कापूस कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा आणि केस उलटे सारायचे. हा काळपट डाग. आता दुसरी कूस बघू. तिथेही तसाच, त्याच जागी. जोडी जुळली, चपटी आहे, खपली नाही. ही बुरशी नव्हे, कातडीतली तेल सोडणारी ग्रंथी आहे. गजकर्णाचं मलम कपाटातच राहू द्या.

[सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी. कॅमेरा सावकाश सरकतो.]

द्राक्षांच्या घोसांसारख्या दिसतात त्या तेलग्रंथी. आजूबाजूचे काळे कण म्हणजे मेलॅनिन, कातडीचं रंगद्रव्य. वृषणातून आलेल्या टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे नर संप्रेरकाचं (हार्मोनचं), इथल्या इथे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होतं. ते करणारं विकर (एन्झाइम) ५-अल्फा रिडक्टेज. हा नवा संप्रेरक जास्त जोरकस. त्याच्यामुळे पेशी तेलाने टम्म फुगतात आणि शेवटी स्वतःच फुटून तेल सोडतात. वरचे केस राठ होतात, डाग गडद होतो. मादीलाही ग्रंथी असते, पण बारीक आणि फिकट. नराचे वृषण काढले की त्याची ग्रंथी आक्रसते. टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा भरते.

म्हणूनच या संप्रेरकाला अडवणाऱ्या औषधाच्या चाचणीत ते एकाच कुशीला लावून दुसरीशी ताडतात. मात्रा जास्त झाली तर औषध रक्तात उतरतं, दुसरी बाजूही बदलते आणि तुलना वाया जाते.

[खिडकीत मावळतीचं ऊन, मग ट्यूबलाइट लागते.]

रोजचा उजेड साडेबारा तासांखाली गेला, की काही आठवड्यांत याचे वृषण आणि पाठोपाठ ग्रंथी बारीक होते. पुण्यात डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा. पण हॉलमधली ट्यूब रात्री अकरापर्यंत चालू! याच्या अंगाला हिवाळा कळणार कसा?

[डॉक्टरांचं टेबल, व्हर्नियर कॅलिपर.]

लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये, दोन्ही कुशींची. केस कातरून काढायचे. ब्लेड लागलं तर सूज येते, माप फसतं. एकाच बाजूला गाठ, व्रण किंवा रक्त दिसलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइडचं मलम लावलंत तर तो ते चाटतो, औषध पोटात जातं.

[शेजारचा पिंजरा: रशियन ड्वार्फ हॅमस्टर उताणा.]

याच्या कुशीवर शोधू नका. याची ग्रंथी पोटाच्या मध्यावर, बेंबीसारखी दिसते ती.