एकाचा भाव

समजा, कपडे धुण्याच्या पावडरीचे दोन पुडे आहेत. पहिल्या पुड्यात ५०० ग्रॅम पावडर आहे आणि त्याची किंमत ६५ रुपये आहे. दुसऱ्यात ८०० ग्रॅम असून त्याची किंमत १०७ रुपये आहे. सहावी-सातवीच्या वर्गात हे पुडे टेबलावर ठेवून स्वस्त कोणता असे विचारले, की अनेक बोटे मोठ्या पुड्याकडे वळतात, कारण मोठा पुडा परवडतो हे मुलांनी घरी ऐकलेले असते. प्रत्यक्षात १०० ग्रॅमचा भाव काढला, तर लहान पुड्याला १३ रुपये आणि मोठ्याला जवळपास १३ रुपये ३८ पैसे पडतात.

शाळेच्या गणितात या रीतीला एकमान पद्धत म्हणतात. आधी भागाकार करून एका वस्तूची किंमत काढायची आणि मग गुणाकाराने हव्या तितक्या वस्तूंची. एक डझन केळी ६० रुपयांना मिळतात, तर ५ केळ्यांना किती पडतील, हे उदाहरण मुले सहज सोडवतात; परंतु त्यात कोणत्या संख्येला कोणत्या संख्येने भागायचे हे उदाहरणाच्या ठरावीक साच्यातूनच कळते, त्यामुळे सरावाच्या वहीत अशी वीस उदाहरणे बरोबर आली तरी मुलाला दर समजला आहे असे म्हणता येत नाही.

आता दुसरे उदाहरण पाहू. सायकलने १२ किलोमीटर अंतर जायला ४८ मिनिटे लागली, तर दर किती? एका मुलीने ४८ ला १२ ने भागून ४ हे उत्तर लिहिले आणि तिच्या शेजारच्या मुलाने १२ ला ४८ ने भागून ०.२५ लिहिले, तर शिक्षकांनी कोणाचे उत्तर खोडावे? कोणाचेच नाही. पहिले उत्तर एका किलोमीटरला लागणारी मिनिटे सांगते आणि दुसरे एका मिनिटात कापलेले अंतर सांगते. अपूर्ण मात्र दोन्ही आहेत, कारण नुसत्या संख्येवरून ‘एक’ कशाला मानले आहे ते कळत नाही. म्हणून भागाकार मांडण्यापूर्वी ‘एक कशाचे?’ हा प्रश्न विचारायची आणि उत्तर ‘दर किलोमीटरला ४ मिनिटे’ असे शब्दांसह लिहायची सवय लावणे, हा या सरावाचा खरा गाभा आहे.

बाजारात हा ‘एक’ सतत बदलत असतो. भाजीवाल्याला आपण ‘पाव कितीला?’ असे विचारतो, म्हणजे तेथे पाव किलो हेच एकक असते. मेथी जुडीवर मिळते, केळी डझनावर मिळतात. एका गाड्यावर वांगी २० रुपये पाव आणि समोरच्या गाड्यावर ७० रुपये किलो असतील, तर दोन्ही भाव एकाच मापात आणल्याशिवाय तुलना होत नाही. मेथीच्या जुड्यांची तुलना तर त्या तराजूत टाकल्याशिवाय करताच येत नाही.

जुन्या पिढीला ही निवड चांगली साधली होती. मणाचे ४० शेर आणि रुपयाचे १६ आणे असत, त्यामुळे मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे, असा तोंडी हिशेब करता येई. एका शेराचा भाव काढण्याच्या खटपटीत न पडता अडीच शेर हे एकक धरले, की भागाकारच उरत नसे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि ही युक्ती कालबाह्य झाली, पण एकक आपल्या सोयीने निवडता येते हे दाखवण्यासाठी ती आजही वर्गात सांगण्याजोगी आहे.

क्रिकेटमधल्या धावगतीत तर एकक लपलेलेच असते. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ४८.२ षटकांत २७७ धावा केल्या. येथे टिंबापुढचा २ हा दशांश नसून ते दोन चेंडू आहेत. एकूण चेंडू २९० झाले; २७७ ला २९० ने भागून ६ ने गुणले, की षटकामागे ५.७३ धावा येतात. थेट ४८.२ ने भागणाऱ्याला ५.७५ मिळतात आणि फरक इतका थोडा असतो की चूक लक्षातही येत नाही.

पुन्हा त्या दोन पुड्यांकडे येऊ. वैध मापनाच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वेष्टनावर एकक विक्री किंमत, म्हणजे एका मापाचा दर, छापण्याची तरतूद आली. सरावासाठी याहून चांगले साहित्य शोधून सापडणार नाही, कारण रिकामी वेष्टने घरोघरी असतात. छापलेल्या दरावर अंगठा ठेवायचा, वजन आणि किंमत पाहून दर स्वतः काढायचा आणि मग अंगठा उचलून ताळा करायचा.

मात्र आपल्या दोन्ही पुड्यांवरून अंगठा उचलला, तर दोन्हींवर दर ग्रॅमला ०.१३ रुपये हाच आकडा असायला हवा. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या मालाला हा दर ग्रॅममागे द्यावा लागतो आणि तो दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो. त्यामुळे मोठ्या पुड्याचे ०.१३३७५ हे पूर्णांकन होऊन ०.१३ होतात. छापलेला आकडा खोटा नाही, फक्त ग्रॅम हे माप पावडरीसाठी फार लहान पडले आहे. लहान पुड्याच्या भावाने ८०० ग्रॅम पावडर १०४ रुपयांना पडली असती, आणि वरचे ३ रुपये पाहण्यासाठी मुलांना ‘एक’ म्हणून १०० ग्रॅमच धरावे लागतात.