वाटी बंद करण्याआधी

अमळनेरहून पारोळ्याकडे जाणारा रस्ता. दोन्ही बाजूंना कपाशी आणि काळी जमीन. इथे मोटारसायकलवर खताची गोणी जाते, दुधाचे कॅन जातात. रात्रीची लाईट आली की शेतातला पंप सुरू करायला माणूस तिच्यावरच निघतो. यातल्या पुष्कळ गाड्या जुन्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. या रस्त्यावरच्या गॅरेजात मात्र अजून रोज कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, खुलतो.

"आबा, गाडी चालूच व्हत नही."

"कारबोरेटर कोणी खोलेल शे का?"

गॅरेजवाल्या आबांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो रास्त आहे. कार्बोरेटर धुणं आता कुणालाही जमतं. क्लीनरचा स्प्रे मिळतो, कॉम्प्रेसरची हवा मिळते. चकचकीत धुतलेला कार्बोरेटर जोडताना बिघडतो आणि दोष पेट्रोलवर जातो. मग कुणीतरी नवा कार्बोरेटर घ्यायला सांगतं. शेतकऱ्याचे ते पैसे बहुतेक वेळा वाचू शकतात.

आता फडक्यावर मांडलेले हे भाग बघा. पितळेचे दोन जेट आहेत, म्हणजे बारीक भोकातून पेट्रोल मापून सोडणारे तुकडे. मेन जेट मोठा, पायलट जेट बारीक. गाडी उभी असताना स्लोवर चालते ती या पायलटवर, आणि त्याचं भोक इतकं सूक्ष्म असतं की धुळीचा एक कण पुरतो. जोडण्याआधी आबा प्रत्येक जेट उजेडासमोर धरतात. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं तरच तो आत जातो. त्यात तार कधीच घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते.

जेट आधी बोटांनी फिरवायचा. आटे आपोआप धरले की मगच पेचकस लावायचा, तोही खाचेत बरोबर बसणाऱ्या पात्याचा. टेकला की किंचित आवळून थांबायचं. कार्बोरेटरचं अंग हलक्या धातूचं असतं. जोर लावला तर त्याचे आटे जातात, आणि त्या चुकीला सोपा इलाज नाही.

यापुढचं काम सगळ्यात नाजूक. फ्लोट म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत तरंगणारा भाग. पेट्रोल वर आलं की तोही वर येतो आणि निडल व्हॉल्व्ह दाबून वाट बंद करतो. या निडलचं टोक नखाने चाचपून बघा. त्यावर गोल खाच पडली असेल तर ती निडल पुन्हा बसवू नका. पेट्रोल थांबणार नाही, नळीतून रस्त्यावर गळत राहील. निडल फ्लोटच्या पट्टीत अडकवूनच दोन्ही एकदम खाली सोडायचे, मग पिन सरकवायची. आता कार्बोरेटर आडवा धरून हळूहळू कलता करा. फ्लोटची पट्टी निडलला नुसती टेकते, तिच्यातली बारीक स्प्रिंग दबत नाही, त्या क्षणी फ्लोटची उंची मोजायची. माप प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, शेजारच्या गाडीचं चालत नाही.

वाटी बंद करण्याआधी पॅकिंगकडे बघा. रबराची रिंग पेट्रोलने फुगलेली असते. ती खाचेत बसत नाही, आणि माणूस घाईने तशीच दाबून स्क्रू आवळतो. मग ती चिमटते आणि गळती सुरू होते. फुगलेली रिंग उघड्यावर सुकू द्या. आकाराला आली तर ठीक, नाहीतर नवी घाला.

वरची बाजू सोपी आहे, पण तिथली चूक जिवावर बेतू शकते. स्लाइड म्हणजे मूठ पिळली की वर उचलला जाणारा भाग. तिला एका बाजूने कापलेला भाग असतो, तो एअर फिल्टरकडे यायला हवा. स्लाइडच्या खाचेत आतली खूण बसली की ती अलगद खाली उतरते. उलटी बसवली तर रेस अडकते आणि गाडी सुरू होताच ओरडत सुटते. म्हणून केबल लावल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, मूठ पिळून सोडायची. स्लाइड खाली टक्कन आपटल्याचा आवाज यायलाच हवा.

ज्या गाड्यांत स्लाइडवर रबराचा पडदा असतो, तिथे पडद्याला क्लीनरचा थेंबही लागू देऊ नका. त्याची कड खाचेत पूर्ण बसली की नाही हे बोट फिरवून तपासा. मुडपलेल्या कडेतून हवा जाते आणि गाडी वेगच धरत नाही.

आता स्क्रू. स्लोवर हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा एअर स्क्रू काढण्याआधी तो किती फेरे आत जातो हे मोजलेलं असेल तर काम सोपं. मोजलं नसेल तर हलकेच टेकवून कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांइतका मागे घ्या. टेकवताना जोर नको, नाहीतर त्याची सुई वाकते. एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी लागते. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर उलट, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं. ही बाजू न बघता फिरवणारे पुष्कळ आहेत.

बसवताना इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधली रिंग विसरू नका. तिथून हवा ओढली गेली तर स्लो कितीही लावा, तो वरखाली होतच राहतो.

पेट्रोलचा कॉक उघडून आबा थांबतात. नळी कोरडी आहे, सांध्यावर ओल नाही. मग किक. इंजिन गरम झाल्यावर स्लो लावतात, एअर स्क्रू थोडा आत-बाहेर करून आवाज सगळ्यात एकसारखा कुठे येतो ते ऐकतात. थोडी चालवून आणली की प्लग काढून बघतात. कॉफीसारखा तपकिरी असेल तर गाडी मालकाच्या हाती. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. मग स्लाइडमधल्या लांब निडलवरची (फ्लोटची निडल वेगळी) क्लिप एक खाच वर किंवा खाली करून पुन्हा जोडणी. क्लिप वर घेतली की निडल खाली बसते, पेट्रोल कमी मिळतं.

आजचा प्लग थोडा काळा आलाय. आबा पुन्हा पेचकस उचलतात. मालक बाजूच्या खाटेवर बसून वाट बघतो.