गवत नव्हे, लव्हाळा

मंडळी, दिवाळीच्या पहाटे उटण्याचा जो वास येतो ना, त्यात नागरमोथ्याचा वाटा असतो. हा नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्या घराण्यातला कंद. आणि शेतकऱ्याला विचाराल तर याच घराण्यातला लव्हाळा त्याच्या रानातलं सगळ्यात चिवट तण. उपटायला जावं तर दोऱ्यासारखा धागा तुटतो, गाठ मातीतच राहते, आणि थोड्याच दिवसांत हिरवी टोकं पुन्हा वर. जगातल्या बहुतेक सगळ्या उष्ण प्रदेशांत तो पोचला आहे.

पण त्या एकट्यामुळे बाकीच्या भावंडांवर अन्याय होतो. या सायपरेसी कुळात जगभरात सुमारे ५५०० जाती आहेत, भारतातच ५०० हून अधिक. त्यातल्या बऱ्याच ओल धरून राहणाऱ्या. आपण सगळ्यांना ‘गवत’ म्हणून मोकळे होतो. ओळखायचं कसं? काडी चिमटीत धरून फिरवा. गवताची काडी बहुधा गोल, पोकळ, पेरं असलेली. लव्हाळ्याची बहुधा तीन धारांची, आतून भरीव. फिरवताना बोटाला कोपरे लागतात. पानंही तीन रांगांत. मी विद्यार्थ्यांच्या हातात पहिल्या दिवशी पुस्तक देत नाही, काडी देतो.

आता कोण कुठे उगवणार, हे ठरवतं पाणी. किती खोल आहे यापेक्षा किती दिवस टिकतं, हे महत्त्वाचं. साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. खाली जांभा दगड, वर जेमतेम बोटभर माती. पावसात उथळ डबकी भरतात. कडेला, जिथे पाणी आज आहे आणि उद्या नाही, तिथे फिंब्रिस्टायलिसचे बारीक लव्हाळे. थोडं आत, सतत ओल असते तिथे गेंदाची पांढरी बोंडं, आणि त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं. या आसवांना खरी मुळंच नाहीत. जांभ्याच्या मातीत पोषण नाही, म्हणून धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. सूक्ष्म जीव जवळ आला की पिशवीचं दार उघडतं आणि एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत तो आत ओढला जातो! आणखी आत, पाणी साचून राहतं तिथे वायतुरा, दोन फाट्यांचा गुलाबी तुरा पाण्यावर काढून उभा. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. उत्तर सह्याद्रीबाहेर तो जगात कुठेही नाही. आणि हा सगळा प्रवास कधीकधी दहा-बारा पावलांचा.

मोठ्या तळ्यांतल्या पाणवनस्पतींचं तसं नाही. त्यांच्या बिया बदकांच्या पायांच्या चिखलातून, पोटातून दूरदूर जातात, म्हणून एकच जात दोन-दोन खंडांत भेटते. तिथला धोका वेगळा. सांडपाणी आलं की पाणकणीस फोफावतं आणि काठावरचे नाजूक लव्हाळे दाबून टाकतं. हिरवंगार दिसतं म्हणून लोक खूश असतात. मला मात्र ते बघवत नाही.

सड्यांची, म्हणजे कासासारख्या जांभ्याच्या उघड्या पठारांची, अडचण उलटी. तिथे जानेवारीत काहीच दिसत नाही. बिया आणि कंद फटींतल्या मातीत झोपलेले असतात, वर नुसता काळा, तापलेला दगड. कागदोपत्री असे कित्येक सडे पडीक म्हणून लागलेले आहेत. म्हणून माझी एकच मागणी आहे, आणि ती मी दर सभेत करतो: सड्याची पाहणी करायची तर ती ऑगस्टमध्ये करा, बूट काढून, पाण्यात उतरून.